पाच नंबरला किती?

मॅचच्या दिवशी घरात थांबायचं नाही, हे काकूंनी आधीच ठरवून टाकलं होतं. घरात थांबलं की शेजारपाजारचे येणार. आले की त्यांना चहा करावा लागणार. आणि मग ती मंडळी कप हातात धरून टीव्हीकडे कमी आणि काकूंच्या तोंडाकडे जास्त बघणार. बॉल त्यांच्या मुलाच्या पायाशी आला रे आला की सगळ्या माना एकदम काकूंकडे वळणार. मागच्या वेळी हे सगळं त्यांनी भोगलं होतं. पुन्हा भोगायची ताकद त्यांच्यात नव्हती.

काकूंचा धाकटा, घरातला ढबू, देशाच्या फुटबॉल टीममध्ये होता. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ढबू. आता दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच झाला, तरी नाव काही सुटलं नव्हतं. टीममध्ये तो मागे खेळायचा, गोलकीपरच्या पुढ्यात, समोरच्यांना अडवायला. जर्सीवर नंबर पाच. पण बाहेर त्याला ना कुणी ढबू म्हणत होतं ना पाच नंबर. बाहेर त्याचं नाव पडलं होतं पोस्टमन.

ते नाव पडलं एका मॅचमुळे. ती मॅच जिंकायचीही गरज नव्हती, नुसती बरोबरीत सोडवली असती तरी टीम मोठ्या स्पर्धेत गेली असती. खेळ संपत आलेला, लोक उभे राहून टाळ्या वाजवायच्या तयारीत, आणि ढबूने आपल्या गोलकीपरकडे बॉल मागे ढकलला. तो गोलकीपरपर्यंत पोचलाच नाही. मध्येच समोरच्या टीमचा स्ट्रायकर उभा होता, थेट त्याच्या पायात जाऊन पडला. त्याने नुसता पाय लावला. गोल. सगळं मुसळ केरात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘इतकं बरोबर पत्त्यावर पोचवणारा पोस्टमन आपल्या पोस्टातसुद्धा नाही,’ आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच आठवड्यात काकूंच्या फाटकाला कुणीतरी लाल रंगवलेला पत्र्याचा डबा टांगून ठेवला. काकांनी तो काढला आणि भंगारात टाकला. 

तेव्हापासून ढबूचे फोन आखूड झाले. आधी तो तासभर बोलायचा. कोचची नक्कल करायचा, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं सांगायचा. आता ‘जेवलो, बरा आहे, ठेवतो’ एवढ्यावर आटपायचा. टीममध्ये त्याला पुष्कळ दिवस कुणी बोलावलं नाही. मग नेहमीच्या एका खेळाडूचा गुडघा दुखावला आणि एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी ढबूला बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने आईला फोन केला.

“आई, या वेळी काही चुकलं ना, तर मीच सांगणार आहे, मला परत बोलावू नका म्हणून.”

“नीट खा,” एवढंच काकू म्हणाल्या. आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात आलं, चुकू दे बाई काहीतरी, सुटेल तरी एकदाचा. असं मनात आलं म्हणून मग त्यांचा त्यांनाच राग आला आणि संध्याकाळभर त्या स्वयंपाकघरात भांडी आदळत राहिल्या.

एरवी त्या भांडी आदळणाऱ्यातल्या नव्हत्या. काकूंचं काम नाजूक हातांचं होतं. त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या. डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे, आणि त्या मापावरून साचा करणं, मेणात एकेक दात बसवणं, हिरड्यांचा रंग जमवणं, घासून घासून चकचकीत करणं, हे सगळं काकूंच्या छोट्या लॅबमध्ये व्हायचं. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं हसणं काकूंच्या हातचं होतं, आणि त्यातल्या फार थोड्यांनी काकूंना पाहिलं होतं. काकूंना ते बरं वाटायचं. काम दिसावं, माणूस दिसू नये.

त्या शनिवारी दुपारी त्यांच्याकडे एक कवळी द्यायला तयार होती. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एरवी माणूस येऊन घेऊन जायचा. पण काकू म्हणाल्या, “मीच नेऊन देते.” काका तोवर पँट दुमडून, हातात ब्रश घेऊन गच्चीवर निघाले होते. वर्षभर न घासलेली पाण्याची टाकी त्यांना नेमकी मॅचच्या वेळेला आठवली होती.

“टाकी आजच?” काकूंनी विचारलं.

“कवळी आजच?” काका म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आपापल्या वाटेने गेले.

काकूंचा हिशोब सरळ होता. जायला बस, यायला बस, दोन्ही रमतगमत जाणाऱ्या. घरी पोचेपर्यंत मॅच संपलेली असेल, जे व्हायचं ते झालेलं असेल. फोन त्यांनी बंद करून पर्सच्या तळाशी टाकला. पण दवाखान्याचं दार उघडलं आणि त्या जागच्या जागी थबकल्या. वेटिंग रूममध्ये भिंतीवर मोठा टीव्ही होता, टीव्हीवर हिरवंगार मैदान होतं, आणि कॉमेंटेटर म्हणत होता, “दुसऱ्या हाफलाही तसा थंडच प्रारंभ...”

काकूंनी रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात डबी दिली. “ही कवळी. निघते मी.”

“काकू, मॅडमनी तुम्हाला थांबायला सांगितलंय,” मुलगी म्हणाली. “आजींना आजच्या आज बसवून हवी आहे. कुठे टोचलं-बिचलं तर लगेच घासून द्याल.”

तेवढ्यात डॉक्टर मॅडम स्वतःच आतून डोकावल्या. त्या काकूंना बरीच वर्षं ओळखत होत्या, ढबूलाही ओळखत होत्या. त्याची दाढ त्यांनीच काढली होती. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, “बंद करायला सांगू का?”

“नको नको,” काकू घाईने म्हणाल्या. “लोक विचारतील का बंद केला म्हणून. राहू दे.”

“मग आत बसता?”

आत खुर्चीत एक माणूस आ वासून पडला होता. काकूंनी नकारार्थी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, टीव्हीकडे पाठ करता येईल तेवढी करून बसल्या.

वेटिंग रूममध्ये तिघंजण होते. एक बसचा ड्रायव्हर, खाकी शर्टातला, एक गाल लिंबाएवढा सुजलेला. एक शाळेत गणित शिकवणारे सर, मांडीवर सुरळी केलेलं वर्तमानपत्र. आणि मध्यभागी, टीव्हीच्या अगदी समोरची खुर्ची बळकावून, एक आजी. अंगाने काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. तोंडात मात्र एकही दात नाही. जुनी कवळी त्यांच्या हातून बेसिनमध्ये पडून दुभंगली होती, म्हणजे काकूंनी आणलेली नवी कवळी त्यांचीच होती. दात नसल्यामुळे त्यांच्या तोंडून ‘स’चा ‘श’ होऊन बाहेर पडत होता.

“काय हे शरपटणं चाललंय!” आजी टीव्हीवर ओरडल्या. “अरे पळा! पळायचे पैशे देतात ना तुम्हाला?”

“मैत्रीपूर्ण सामना आहे आजी,” सर म्हणाले. “मैत्री निभावतायत.”

मॅच खरोखरच कंटाळवाणी होती. अजून एकही गोल झाला नव्हता आणि होईल अशी लक्षणंही नव्हती. बॉल या टोकाकडून त्या टोकाकडे जात होता, तिथून कंटाळून परत येत होता. स्टेडियम अर्धं रिकामं. कॉमेंटेटर बिचारा हवामानाबद्दल बोलून बोलून दमला होता. आता तो मैदानावरच्या एका कबुतराबद्दल सांगत होता.

“कबुतराला सहा,” सर म्हणाले. “निदान जागा तरी बदलतंय.”

ड्रायव्हर हसला आणि लगेच गाल धरून कळवळला. या तिघांचा एक खेळ चालला होता, हे काकूंच्या हळूहळू लक्षात आलं. प्रत्येक खेळाडूला दहापैकी मार्क द्यायचे. सरांचे मार्क पावकी-निमकीचे. दहा नंबरला सव्वाचार, उजवीकडच्या पोराला पावणेसहा, कॅप्टनला साडेपाच, तेही केसांसाठी. ड्रायव्हर सरळ पास-नापास सांगायचा. आजी मात्र मॅच चालू असताना मार्क द्यायच्याच नाहीत. “शिट्टी वाजू दे, मग बोलेन,” म्हणायच्या. पण बाकीच्यांच्या मार्कांवर मधूनमधून ताशेरे झाडायच्या.

काकू भिंतीवरचं चित्र बघत राहिल्या. चित्रात दाढ उभी चिरून दाखवली होती. ती त्यांना तोंडपाठ होती, तरी त्या तिच्याकडे टक लावून बघत होत्या. पण कान काही बंद करता येत नाहीत.

“पोस्टमनचं काय?” ड्रायव्हर म्हणाला. “आज अजून टपाल आलं नाही.”

काकूंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

“येईल,” सर म्हणाले. “अजून वेळ आहे.”

“मी त्या दिवशी बस चालवत होतो,” ड्रायव्हर सांगायला लागला. “रेडिओ चालू होता. त्याने तो पास दिला आणि पाठीमागे अख्खी बस ओरडली. मला वाटलं कुणी चाकाखाली आलं. करकचून ब्रेक दाबला, सगळे एकमेकांच्या अंगावर! त्यातल्या एका बाईंनी मला शिव्या दिल्या, पोस्टमनला नाही.”

सर हसले. आजी हसल्या नाहीत. काकूंनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. निघून जावं असं त्यांना वाटलं. दार दहा पावलांवर होतं. पण आता टीव्हीकडे बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्यांनी हळूच मान वळवली.

आणि नेमका तेव्हाच बॉल ढबूकडे आला.

जागा तीच होती. आपल्याच गोलच्या बाजूला, डावीकडे, पाठ मैदानाकडे. समोर गोलकीपर, आणि पाठीमागून एक लांब पायांचा स्ट्रायकर धावत येत होता. काकूंनी तो क्षण स्वप्नात इतक्यांदा पाहिला होता की टीव्हीवर ही जुनीच मॅच दाखवतायत की काय असं त्यांना वाटलं. ड्रायव्हर खुर्चीच्या टोकावर सरकला. सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ढबूने मान वर केली, गोलकीपरकडे बघितलं. गोलकीपर हात पसरून बॉल मागत होता.

“देऊ नकोश,” आजी पुटपुटल्या. “देऊ नकोश रे बाबा.”

ढबू वळला, पाय मागे नेला आणि बॉल असा काही लाथाडला की तो मैदान, जाहिरातींच्या फळ्या, पहिल्या रांगा, सगळं ओलांडून वरच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन आदळला. कॅमेऱ्यालासुद्धा तो शोधायला वेळ लागला. एक म्हातारा प्रेक्षक उठून सावकाश तो आणायला निघाला.

कॉमेंटेटर हसला. “पाच नंबरने कसलीही जोखीम न घेता...”

“बरं केलं!” आजींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “अशं पाहिजे! गेला तर गेला!”

काकूंच्या लक्षात आलं की आपण केव्हाच उभ्या राहिलो आहोत. त्या घाईघाईने बसल्या आणि उगीच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हर म्हणत होता, “आज टपाल दुसऱ्याच गावाला गेलं,” आणि या वेळी त्याच्या हसण्यात विखार नव्हता.

त्यानंतर काही म्हणजे काहीच झालं नाही. एक कॉर्नर वाया गेला. एक खेळाडू पायात गोळा येऊन बसला, उठला. ढबूकडे बॉल आणखी काही वेळा आला आणि दर वेळी त्याने तो शेजारच्याकडे दिला, शेजाऱ्याने तिसऱ्याकडे. काकूंना असं वाटत होतं की इतका सुंदर कंटाळा आपण आयुष्यात अनुभवला नाही. चालू दे, असंच चालू दे, काही घडू देऊ नको, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. आणि रेफ्रीने शिट्टी वाजवली. शून्य-शून्य. स्टेडियममध्ये कुणीतरी हुर्यो केली, तीही अर्ध्यावर सोडली.

“संपली एकदाची,” सर म्हणाले. “चला, निकाल लावू.”

एकेकाचे मार्क निघाले. गोलकीपरला काम नव्हतं म्हणून त्याला ड्रायव्हरने ‘गैरहजर’ लिहायला सांगितलं. सर म्हणाले, “आता पाच नंबर.” आणि कुणास ठाऊक काय मनात आलं, ते काकूंकडे वळले. “ताई, तुम्ही इतका वेळ गप्प आहात. तुम्ही सांगा. पाच नंबरला किती?”

तिघंही काकूंकडे बघायला लागले. चांगले मार्क द्यावेत तर संशय यायचा. शिवाय लोक खोडून काढतील, पुन्हा तो जुना पास निघेल, पुन्हा ती बस, पुन्हा तो ब्रेक. त्यापेक्षा आपणच आधी कमी सांगावेत. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तीन.”

“तीन?” ड्रायव्हर म्हणाला.

“तीन!” आजी खुर्चीत गर्रकन वळल्या. “बाई, तू मॅच बघितलीश की ती दाढ बघितलीश? तीन कशाचे? एक तरी माणूश त्याच्या बाजूने आत आला का?”

“तसं नाही, पण...” काकू चाचरल्या. “मागच्या वेळी त्याने...”

“मागच्या वेळचे मार्क मागच्या वेळी दिले की! मी श्वतः दिले होते. शून्य दिला होता. पण परीक्षा दर वेळी नवी अशते. काय हो शर?”

“असते,” सर म्हणाले. “अहो ताई, तीन म्हणजे अन्याय होतोय. मी सव्वापाचच्या खाली जाणार नाही.”

“पास,” ड्रायव्हर गाल धरून म्हणाला. “मी त्याला पास करतो. ताई, तुम्ही फार कडक आहात बुवा. तुमच्या घरातल्या पोरांचं काही खरं नाही.”

काकूंना हसावं की रडावं कळेना. ज्या माणसांच्या तोंडाला घाबरून त्या शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आल्या होत्या, ती माणसं त्यांच्या मुलाची बाजू घेऊन त्यांच्याशीच भांडत होती. “बरं,” त्या म्हणाल्या, “चार.”

“चार म्हणे!” आजींनी हात झटकला. त्या स्वतःचे मार्क सांगणार तेवढ्यात दार उघडलं, आतला माणूस गाल चोळत बाहेर पडला आणि डॉक्टर मॅडमनी हाक मारली, “आजी, या. काकू, तुम्हीपण.”

आत आजी खुर्चीत बसल्या. मॅडमनी नवी कवळी धुऊन त्यांच्या तोंडात बसवली. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या. हे काम समोर आलं आणि त्यांचे हात आपोआप स्थिर झाले. मागे उजवीकडे जराशी टोचत होती. काकूंनी ती घेतली, कोपऱ्यातल्या छोट्या मोटरवर केसभर घासली, बोट फिरवून पाहिलं, परत दिली. आता टोचत नव्हती. मॅडमनी दोन्ही बाजूंना दातांमध्ये कापसाचे बोळे ठेवले.

“आजी, आता दात घट्ट मिटून बसायचं. मी परत येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर कवळी नीट बसणार नाही.” आणि मॅडम ड्रायव्हरच्या हिरडीत इंजेक्शन द्यायला बाजूच्या खोलीत गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. आजी दात मिटून छताकडे बघत होत्या. बोलायला मिळत नाही याचा त्यांना किती त्रास होतोय ते त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. त्यांनी काकूंकडे बघून तीन बोटं वर केली, ती हलवली आणि कपाळावर हात मारला. तीन मार्क अजून त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते.

काकू हसल्या. मग त्यांना काय झालं कुणास ठाऊक. इतके महिने हे वाक्य त्या गिळत आल्या होत्या. वाण्याच्या दुकानात गिळलं, बसमध्ये गिळलं, शेजारणींसमोर गिळलं. आज समोरचं माणूस उत्तर देऊ शकत नव्हतं.

“आजी,” त्या हळूच म्हणाल्या, “तो पाच नंबर माझा मुलगा आहे.”

आजींचे डोळे एवढे मोठे झाले. घशातून ‘हं’ असा आवाज आला.

“बोलू नका, बोलू नका!” काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “माझा धाकटा. घरी आम्ही ढबू म्हणतो. वाईट नाही हो तो खेळत. त्या दिवशी चुकला. चुकला ते चुकलाच, मी नाही म्हणत नाही. पण तेव्हापासून तो हसलेला नाही आजी. आज काही बिघडलं असतं तर तो सोडून देणार होता. मला तर बघवतच नव्हतं. तुम्ही मार्क द्यायच्या आधी मीच कमी देऊन टाकले. म्हणजे तुमचे ऐकायला नकोत.”

आजींनी त्यांचं मनगट पकडलं. पकड चांगलीच घट्ट होती. त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येत होतं, आणि एकही शब्द बाहेर काढता येत नव्हता. बाजूच्या खोलीतून ड्रायव्हरचं “आई गं” ऐकू आलं.

मॅडम परत आल्या. कापूस काढला. “आता बोलून दाखवा काहीतरी. ‘स’ येत असलेलं काहीतरी बोला, म्हणजे कळेल.”

आजींनी काकूंकडे रोखून पाहिलं, मान ताठ केली आणि एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं म्हणाल्या, “साडे-सहा.”

‘स’ अगदी स्वच्छ होता. दोन्ही वेळा.

“आणि ऐक,” आजी म्हणाल्या. आता त्यांना कुणी थांबवू शकत नव्हतं. “तू त्याची आई आहेस म्हणून मी त्यात पावसुद्धा वाढवणार नाही. सात द्यावे असं काही केलं नाही त्याने. दोन पास आखूड पडले, आणि डोक्याने बॉल मारताना डोळे मिटतो, ते सांग त्याला. पण साडेसहा म्हणजे साडेसहा. आज सगळ्यांत जास्त त्यालाच आहेत. कुणी कमी सांगितले तर माझ्याकडे पाठव.”

मॅडम बेसिनवरच्या आरशात बघून हसत होत्या. काकू मात्र रडायला लागल्या. हुंदके देऊन नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. त्यांनी कापसाचा बोळा उचलून डोळ्यांना लावला.

“अगं, साडेसहा दिले ना!” आजी घाबरून म्हणाल्या. “रडतेस कशाला?”

“म्हणूनच,” काकू म्हणाल्या.

सात दिले असते तर त्यांना ते दयेचे वाटले असते. आठ दिले असते तर थट्टा वाटली असती. साडेसहा मात्र खरे होते. साडेसहावाल्याला कुणी खांद्यावर घेऊन नाचत नाही आणि कुणी त्याच्या फाटकाला डबाही टांगत नाही. तो आपला घरी जातो, जेवतो, झोपतो आणि पुढच्या मॅचला येतो. काकूंना आपल्या मुलासाठी याहून जास्त काही नको होतं.

बाहेर इंजेक्शन घेऊन आलेला ड्रायव्हर आणि सर पुन्हा वाद घालत होते. आजी बाहेर आल्या तेव्हा दोघांनी त्यांच्या दातांचं कौतुक केलं. काकूंना वाटलं, आता या सगळं सांगून टाकणार. पण आजींनी फक्त आपले मार्क जाहीर केले, काकूंकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “या बाईंनाही पटलेत.” मग पिशवी उचलून, सगळे दात दाखवत, त्या रुबाबात निघून गेल्या.

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. बसथांब्याच्या बाकावर बसून काकूंनी फोन चालू केला. पहिला फोन काकांचा.

“कळलं का?” काका धापा टाकत म्हणाले. “खालून ओरडून सांगितलं कुणीतरी. शून्य-शून्य! काही झालं नाही! काही म्हणजे काहीच झालं नाही!” बक्षीस लागल्यासारखा त्यांचा आवाज होता.

“बघितली मी,” काकू म्हणाल्या.

“बघितलीस?” काका थक्क झाले. “कुठे?”

“येऊन सांगते.”

काकांचा फोन ठेवला आणि ढबूचा आला. मागे बरेच आवाज होते. कुणीतरी गात होतं, कुणीतरी दार आपटत होतं.

“आई, बघितलीस का? नसशीलच बघितली.”

“बघितली. काय कंटाळवाणी मॅच रे ती! झोप येत होती.”

पलीकडे ढबू हसला. आधी थोडं, मग पोट धरून हसल्यासारखं. काकूंनी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

“कोच म्हणाले, पुढच्या कॅम्पलाही ये,” तो म्हणाला. “बाकी काही म्हणाले नाहीत. नुसतं, ये म्हणाले.”

“मग जाशील ना?”

“जातो की. न जायला काय झालं?”

काकूंनी डोळे मिटले. चुकू दे असं मनात आलं होतं, ते मनातल्या मनात पुसून टाकलं.

“डोक्याने बॉल मारताना डोळे मिटू नकोस,” त्या म्हणाल्या.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“मला दिसत नाही का?”

ढबू परत हसला आणि बोलायला लागला. शेजारच्या खाटेवरचा गोलकीपर किती घोरतो, हॉटेलच्या लिफ्टमध्ये सगळे कसे अडकले होते, कॅप्टन केसांना काय काय फासतो, कोच चिडला की कसा एका पायावर उभा राहतो. कोचची नक्कलही करून दाखवली. काकूंची बस आली. कंडक्टरने त्यांच्याकडे बघून भुवई उडवली, येताय का म्हणून. काकूंनी हाताने त्याला जा म्हणून सांगितलं आणि बाकावर नीट टेकून बसल्या.

“हं,” त्या फोनमध्ये म्हणाल्या, “मग पुढे काय झालं?”